वाटा

डाग आधी तळहाताएवढा होता.
स्टुलावर चढून मी त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवली, तारीख घातली.
सात जुलै. मग एकोणीस. मग ऑगस्टची तीन.
दिवाळीपर्यंत छतावर
तलाठ्यालाही मान्य व्हावा असा नकाशा तयार.

कारेलीबागेतल्या आमच्या इमारतीत सहा घरं.
अगाशी उत्तरायणाला सहाही घरांची:
उंधियो, चिक्की, स्पीकर, कुणाकुणाचे पाहुणे.
जूनपासून
माझी एकटीची.
"गळतंय ते तुमचं छत ना, ताई,"
तळमजल्यावरचे खानविलकर म्हणाले,
अगदी मायेनं,
जणू माझ्या गुडघ्यांची चौकशी करताहेत.

एक जण आला डांबरी कागदाची गुंडाळी घेऊन.
एक जण बादलीभर रसायन घेऊन, पांढरं, दह्यासारखं,
वर दहा वर्षांची छापील गॅरंटी.
दाहोदच्या भीमसिंग बारियानं ती वाचली नाही.
थापीच्या दांड्यानं ठोकत ठोकत
या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला,
आवाज पोकळ आला तिथे खडूची फुली.
"बेन, पाण्याला कागद वाचता येत नाही.
त्याला फक्त उतार कळतो."

मग पन्हाळीत कोपरापर्यंत हात घातला
आणि बाहेर काढला मांज्याचा गोळा:
गुलाबी, जांभळा, पोपटी,
चार-पाच जानेवाऱ्या एकीत एक गुंतलेल्या,
काचेची पूड अजून बोट कापील अशी.
वर्तमानपत्रावर ठेवून
मी तो पाचही दारांत नेऊन दाखवला.
कुणी आपला रंग ओळखला नाही.

अठरा दिवस काम चाललं.
जुना थर खरवडला. भेगा छिन्नीनं रुंद केल्या.
बुजवायची तर आधी मोठी करावी लागते,
हे मला या वयात कळलं.
सिमेंटचं पातळ कालवण, त्यात मापानं औषध,
त्यावर विटांचे तुकडे, एकेक हातानं उभा बसवलेला.
कमळीबेन पाट्या वर आणायची.
उतरताना गुणगुणायची, चढताना नाही.
उतार मोजायला पारदर्शक नळी,
आणि नळीतही पाणीच.

भिंत आणि जमीन भेटतात तिथे काटकोन ठेवत नाहीत,
गोलाई देतात. तिला वाटा म्हणतात.
"पाणी कोपऱ्यात बसून कुरतडत राहतं,"
भीमसिंग ओल्या सिमेंटवर बाटलीचं पोट फिरवत होता,
"वाटा नीट द्यायला हवा. त्याशिवाय सगळं फुकट."
मी जिन्यातून खाली ओरडले, "ऐकलंत का?"
दोन दारं लागल्याचा आवाज आला.

मग तीन दिवस पाणी भरून ठेवायचं, चार बोटं.
पन्हाळीच्या तोंडाला गोणपाट, दाराशी वाळूचा बांध.
खाली मी पलंगावर,
डोक्यावर तळं घेऊन.
मेचा उकाडा, तरी पंखा बंद:
थेंब पडला तर ऐकू यावा.
बॅटरीचा झोत एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर.
सात जुलै. एकोणीस. ऑगस्टची तीन.

तिसऱ्या पहाटे वर गेले.
टाकीच्या सावलीत एक टिटवी,
आणि तिच्यापासून जरा अंतर राखून
खानविलकर,
पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभे.
"गार आहे," एवढंच म्हणाले.

पैसे त्यांनी दिले नाहीत.
त्यांच्या न्हाणीघराचं काम निघालं होतं,
तिथल्या फुटक्या टाइल्सचं पोतं वर पाठवलं.
चिनी मोझॅकला तुकडे लागतातच.
आता सगळी अगाशी पांढरी, दुपारी डोळे मिटून घ्यावेत अशी,
फक्त टाकीमागे हातभर पट्टा
गुलाबी, झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा.
भीमसिंगानं तो
बरोब्बर वाट्यावर बसवलाय.